अक्का, तुळशीच्या टबात किती घालू?

अक्का, आधी एक सांगून टाकते. तुमची तुळस उगवली. बाकीचं सावकाश बोलू.

सावकाश म्हणतेय खरी, पण माझा सावकाशपणा तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला पौडच्या चौकातून मालेला परत आलेली बाई मी. "ह्या वैशीला देवानं जीव दिला आन् वर घोर फुकट दिला," असं तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगायचात. पाहुणा हसला की मग त्याच्यावरच डाफरायचात, "हसतोयस काय? माझ्या धाकट्या जावेला मी बोलीन, बाकी कुणाचं काम न्हाई." आता मला बोलणारं कुणी उरलं नाही. घोर मात्र आहे तिथेच आहे, उलट वाढलाय. पूर्वी त्यातला अर्धा तुमच्याकडे टाकून मी झोपायला जायचे.

तर तुळस. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी आपल्या पाण्यातल्या शेतीच्या शेडच्या दारात पाट टाकून बसला होतात आणि काथ्याच्या भुशाने भरलेल्या ट्रेमध्ये एकेक बी टोचत होतात. बेसिल ते. हॉटेलवाले बेसिल म्हणतात, तुम्ही पहिल्या दिवसापासून इंग्रजी तुळस म्हणालात. आणि तुळस म्हटल्यावर तिचे सगळे नियम आले. एकादशीला तोडायची नाही, रविवारी तोडायची नाही, दिवेलागणीनंतर हात लावायचा नाही. धरणाकडच्या त्या रिसॉर्टवाल्याला नेमकी रविवारीच लागायची. तो फोनवर गयावया करायचा, "मॅडम, पिझ्झा पे क्या डालूँ?" आणि तुम्ही मागून ओरडायचात, "त्याला म्हणावं कोथमीर टाक!" मी फोनवर हात धरून तुम्हाला गप्प करायचे. शेवटी शनिवारी उन्हं उतरायच्या आत तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, असा तह झाला आपला.

सावडून आलो त्या दिवशी सगळे आंघोळीला गेले आणि मी शेडमध्ये शिरले. ट्रेमध्ये हिरवे ठिपके होते. अगदी बारीक, मोहरीएवढे. तोवर मला रडू आलं नव्हतं. लोकांचा चहा, सतरंज्या, तुमच्या प्राजूला भूगावहून आणायला कोण जाणार, ह्यातच वेळ गेला होता. तिथं आलं. तुमच्या हातचं बी, तुम्ही नसताना वर आलं. आणि रडता रडता पहिला विचार काय आला सांगू? ह्यांना आता किती घालायचं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रड की आधी नीट. मग कर हिशोब."

आपलं भांडण ह्या 'किती'वरच होतं ना. मातीतलं झाड आपलं आपण शोधून खातं. इथं माती नाही, पाण्यात आपण घालू तेच त्याचं ताट. कमी पडलं तर पान पिवळं पडतं, जास्त झालं तर मुळं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. खताच्या पाण्याचे ए आणि बी असे दोन कॅन, त्यातलं थोडं थोडं पाण्यात घालायचं, क्षार मोजायचा मीटर बुडवायचा आणि आकडा बघायचा. मुळात क्षारच ते. तुम्ही सरळ मीठच म्हणायचात. मोठ्या झाडांना माझं म्हणणं एक पॉइंट दोन, तुमचं एक पॉइंट सहा. मी मोजून घालायचे आणि थांबायचे. तुम्ही मागं उभं राहून म्हणायचात, "घाल गं." मी म्हणायचे, बास. तुम्ही म्हणायचात, "घाल गं, मरत न्हाईत." कधी मी जिंकायचे, कधी तुम्ही. आणि खरं सांगू का, झाडं दोन्ही आकड्यांना यायची. पानं तुमच्या आकड्याला गडद यायची आणि माझ्या आकड्याला लुसलुशीत. म्हणजे निकाल कधी लागलाच नाही.

भांडण शेडमधलं होतं, पण तुम्ही ते स्वयंपाकघरात आणलंत. का मी आणलं? डॉक्टरांनी तुमचं बीपी बघून मीठ कमी करा म्हटलं आणि मी मिठाचा डबा माझ्या ताब्यात घेतला. पापड बंद, लोणचं बंद, सुकट तर नावच नको. तुम्ही पहिला घास तोंडात घातलात की भिंतीकडे बघून चावायचात, जसं काही औषध. "तू मला अळणी खायला घालतीस आन् झाडांनाबी. कुणावर दया कर." भावजी बायकोची बाजू घ्यायची सोडून ताटात बघत हसायचे. आमचे सुधीर तर ऑफिसात डबा उघडून वर मीठ भुरभुरवून खातात, हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं सगळं घर माझं ऐकतंय.

आणि ती आमटी. आठवते? मी घरी नव्हते आणि तुम्ही आमटी केली होतीत. मला एका घोटात कळलं. तुम्ही म्हणालात, बेताचंच हाय. मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, तुझ्या जिभेला काय कळतं, बार्शीची तू, तुमच्याकडं नुसतं तिखट. माझं डोकं फिरलं, शेडमधून मीटर आणला आणि सगळ्यांसमोर आमटीत बुडवला. कंपनीत टेस्टिंगला होते ना, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. मीटरने आकडाच दाखवला नाही. नुसता एकचा आकडा कोपऱ्यात आणि बाकी कोरं, म्हणजे त्याच्या मापाबाहेर गेलं. मी म्हटलं, बघा! तुम्ही पातेलं उचललंत, आमच्याकडे एकदा बघितलंत आणि सगळी आमटी म्हशीच्या घमेल्यात ओतून आलात. "झाडाच्या औषधात घालायचं यंत्र अन्नात घालतीस? आता खा भाकरी पाण्यासंगं." सगळे जेवलो भाकरी, कांदा आणि पाणी. मीटर माझा होता म्हणून मी वर मान करून जेवले. रात्री तुम्हीच तव्यावर मिरचीचा ठेचा करून माझ्यापुढे सरकवलात. त्यात मीठ नव्हतं. तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

ती शेवटची सकाळ मला सारखी आठवते. ऊन लवकर चढलं होतं, शेडनेट ओढलं तरी आत वाफ. मी म्हटलं, अक्का, आता आकडा खाली आणू. उन्हात झाडं पाणी भराभर पितात आणि मीठ मागं ठेवतात, मग टाकीतलं आपोआप कडक होत जातं. तुम्ही म्हणालात, "उलटंच सांगतीयास. उन्हात घाम गेला की माणसाला मीठ लागतं. झाडाला न्हाई लागत व्हय?" मी म्हटलं, झाडाला घाम येत नाही. तुम्ही म्हणालात, "मग पाणी जातं कुटं त्याचं?" मी पुस्तकी उत्तर जुळवेपर्यंत तुम्ही उठलात, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणालात, "सांजच्याला बघू. डोकं चढलंय जरासं."

डोकं चढलंय. मी ते ऐकलं, अक्का. मला वाटलं उन्हानं. मी म्हटलं, जाऊन पडा जरा. तुम्ही जेवून पडलात आणि गाडी पौडपर्यंत पोचायच्या आत संपलं. संध्याकाळ काही झाली नाही. आपलं बघायचं राहिलं ते राहिलंच.

नंतर शेडमधल्या बियांच्या डब्यात मला पत्र्याची डबी सापडली. तपकिरीची जुनी, आत मीठ. बाजूला वाळलेली कैरीची कोय. म्हणजे घरी माझं अळणी गुमान खायचं आणि इथं येऊन कैरी मिठाला लावायची! हसू फुटलं, आणि पाठोपाठ हिशोब सुरू झाला. डबीत किती होतं, किती उरलं, कधीपासून. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मला बोट ठेवूनच हवं होतं. ती डबी टाकली नाही. आहे तिथंच आहे.

आता त्या टबाचं सांगते, कारण खरा घोर तो आहे. तुळशीचा ट्रे दारापाशी टबावर ठेवलेला, खालच्या पाण्यात काथ्याची वात सोडलेली. रोपं एवढीशी, त्यांना मोठ्यांच्या निम्म्याच्या वर मीठ सोसत नाही. मी पॉइंट सहाला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पॉइंट नऊ. म्हटलं उन्हानं पाणी आटलं असेल. पाणी घालून खाली आणलं. त्याच्या पुढच्या दिवशी एक पॉइंट चार. मीटर बिघडला म्हणून धुतला, बॅटरी बदलली, पिण्याच्या पाण्यात बुडवून बघितला. मीटर ठीक. टबाच्या तळाशी मात्र पांढरा साका बसलेला, दूध नासल्यासारखा. ए आणि बी न मिसळता एकावर एक ओतलं की होतं तसं. कुणीतरी घालत होतं.

पकडल्या पारूकाकू. पदर खोचून, चपला दाराबाहेर काढून आल्या, हात जोडले, तांब्याभर पाणी घातलं आणि कॅनचं टोपण भरून वर ओतलं. मी किंचाळलेच. काकू घाबरल्या. म्हणाल्या, "अगं, तुमच्या घरी सुतक. तुमाला तुळशीला हात लावता येत न्हाई. आमी भावकीतल्या न्हाई, म्हणून आमी घालतोय पाणी. अक्कीची तुळस सुकाय नको."

"आणि टोपण कशाला, काकू?"

"अक्कीच सांगायची की. आमच्या तुळशीला नुसतं पाणी चालत न्हाई, खाद्य लागतं. मी एकलीच न्हाई बाई. मळ्यातली शांता येती, वरल्या आळीच्या दोघी येत्यात."

म्हणजे घरात आमची चूल बंद, तर गाव आम्हाला पिठलं-भाकरी आणून देत होतं, आणि तसंच तुमच्या तुळशीलाही भरवत होतं. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच घालतोय. एक टोपण, दुसरं टोपण, तिसरं. कुणावर चिडू? तुमच्यावर चिडले. गावभर सांगायची काय गरज होती? पण आत कुठंतरी बरंही वाटलं, हे लपवत नाही. एवढ्या बायका चपला काढून येतात, ते काय माझ्या मीटरसाठी?

काकूंना समजावलं. टब ओतून दिला, ट्रे साध्या पाण्यात ठेवला. दाराकडच्या ओळी गेल्याच. पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि माना पडल्या. मधली रोपं धरून होती. बायका दुसऱ्या दिवसापासून नुसत्या हात जोडून जायला लागल्या. मला वाटलं, सुटले.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला आणि आलाच, जसं काही झाडावर वाटच बघत होता. सगळे म्हणाले, सुटली बिचारी, काही मागं राहिलं नाही तिचं. मला राग आला तुमचा. काही मागं राहिलं नाही? ट्रे अर्धा करपलाय, आकडा ठरायचाय, 'सांजच्याला बघू' म्हणून गेलात, आणि कावळा एका झेपेत शिवतो? जरा तरी अडून बसायचं. मी तरी बसले असते. मी कितीतरी वेळ मनात म्हणत होते, अक्का, एवढ्यात नको, आधी टबाचं सांगा.

आणि घरी येऊन मीटर बुडवला तर एक पॉइंट एक.

आता बायका नव्हत्या, काकू नव्हत्या. सुधीरना विचारलं, ते म्हणाले, मी कशाला जातोय तिकडे. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उजाडताच शेडकडे गेले, चपला हातात घेऊन.

भावजी होते.

टबाशी उकिडवे बसलेले, डोक्याला टोपी नाही, नुकतं उतरवलेलं डोकं. हातात टोपण. अक्का, हा माणूस शेडमध्ये कधी आला होता का सांगा. "पाण्यात कुटं शेती होती व्हय? मग अख्ख्या धरणात भात लावू की!" असं म्हणून ज्यांनी चावडीवर टाळ्या घेतल्या, ते. त्यांच्या चहाचा कप तुम्ही हातात द्यायचात आणि रिकामा तुम्हीच उचलायचात, ते. त्यांनी टोपण कॅनला लावून भरलं, कडेनं सांडू नये म्हणून डावा हात खाली धरला, आणि हळूच पाण्यात सोडलं. तुम्ही तेलाची धार सोडायचात, तसं.

मी खाकरले. ते दचकले. "काय न्हाई. बघत हुतो नुसतं."

मग तेच म्हणाले, "तिची हायेत न्हवं ही. उपाशी राह्याला नकोत." आणि मग, "तिनं मला एवढी वर्सं वाढलं. तू जेवलीस का, एवढं मी कधी इचारलं न्हाई, वैशाली."

सांगा, काय करायचं होतं मी? रोपांच्या कडा डोळ्यांसमोर करपत होत्या. अजून दोन दिवस असंच गेलं असतं तर ट्रेमध्ये एकही उरलं नसतं. आणि त्या माणसाला, त्या उकिडव्या बसलेल्या माणसाला, कुठल्या तोंडानं म्हणू की भावजी, तुम्ही तिची तुळस मारताय? ते शब्द एकदा निघाले की त्यांच्या जन्माला पुरले असते. मी घाबरले. दोन्हीकडून घाबरले. आणि तोंडातून निघून गेलं.

"भावजी, अक्का मला सांगून गेल्यात. उन्हाळ्यात सकाळी तुळशीला नुसतं पाणी घालायचं. मीठ नाही. नुसतं पाणी."

त्यांनी मान वर केली. "असं म्हनली ती?"

"हो."

"नुसतं पाणी?"

"नुसतं."

त्यांनी टोपण माझ्या हातात दिलं. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "वैशाली, आपल्या दारात आल्या माणसाला तिनं नुसतं पाणी कधी दिलं न्हाई. गुळाचा खडा दिल्याबिगर न्हाई." आणि गेले.

चोरी पकडली गेली, अक्का. एका वाक्यात. मी तिथंच पाटावर बसले, तुमच्या पाटावर.

पण दुसऱ्या दिवशी मी शेडला गेले तर टब खुणेपर्यंत भरलेला. बादली स्वच्छ धुऊन पालथी ठेवलेली. मीटर बुडवला, आकडा खाली आला होता. त्यांनी नुसतं पाणी घातलं होतं. मला खोटं ठरवूनही माझं ऐकलं होतं. आणि टबाच्या झाकणावर, पाण्यात नाही हं, झाकणावर, गुळाचा एक खडा ठेवलेला.

तेव्हापासून रोज असतो. मुंग्या झाल्यात. शेडमध्ये मुंगी म्हणजे काय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुंगीमागून मावा येतो, म्हणून मी तुम्हाला चहासुद्धा आत पिऊ द्यायचे नाही. आता एवढी रांग लागते आणि मी खडूनं रेघ ओढून तिला बाहेर वळवते. खडा उचलत नाही. भावजींना काही बोलत नाही. तेही काही बोलत नाहीत. काल फक्त विचारलं, "वैशाली, पानं आली का गं?" मी म्हटलं, आली भावजी, दुसरी जोडी आली. ते टोपी घालून पाराकडे गेले.

आता एकच टोचतंय. मी बोलले ते एकट्या भावजींशी, पण पारूकाकूंपर्यंत पोचलं. काकूंनी पुढं नेलं. आता सगळं माले म्हणतंय, अक्की जाताना सांगून गेली, उन्हाळ्यात मीठ कमी, नुसतं पाणी. प्राजूसुद्धा फोनवर म्हणाली, "काकी, आई असं म्हणाली होती ना?" मी हो म्हटलं. म्हणजे माझं म्हणणं मी तुमच्या तोंडी घातलं आणि वाद जिंकला. असा नव्हता जिंकायचा मला. तुम्ही समोर कमरेवर हात ठेवून उभ्या, मी मीटर नाचवतेय, आणि तुम्ही म्हणताय, बरं बाई, तुझं खरं, तसा जिंकायचा होता. आणि मग तुम्ही माझी पाठ वळताच एक टोपण वाढवायचं होतंत. ते मला माहीत होतं, अक्का. आकडा रोज सकाळी थोडा वर असायचा. मी कधी बोलले नाही.

खरं तर म्हणून मी आकडा कमी धरायचे. तुम्ही वाढवणार हे धरूनच. माझं एक दोन आणि तुमचं चोरून घातलेलं, मिळून काय व्हायचं ते झाडांना पटायचं. आता नुसतं माझं एकटीचं उरलं तर ते पुरेल का, हे मला ठाऊक नाही. ह्या एवढ्या दिवसांत हेच डोक्यात फिरतंय. सुधीर म्हणतात, नेटवर बघ, सगळं दिलेलं असतं. दिलेलं असतं हो. नेटवर पॉइंट आठपासून एक पॉइंट सहापर्यंत सगळं दिलेलं आहे. त्यात आपण दोघीही बसतो.

रोपांना आज वाढवायची वेळ आलीय. चांगली हिरवी झालीत. कडा करपलेली पानं मी कात्रीनं काढली, पण ती सोमवारीच काढली, रविवारी हात लावला नाही. काही रोपं अजून खुजी आहेत, एक तर मधूनच तिरकं वाढतंय, तुमच्या खुर्चीच्या पायासारखं. पण जगतील. नुसत्या पाण्यावर मात्र आता राहणार नाहीत. माझ्या हिशोबानं पॉइंट आठ तरी करायला हवं. त्याच्या किती वर, तेच विचारायला मी हे सगळं सांगत बसलेय.

ए आणि बी वेगवेगळ्या पाण्यात कालवून ठेवलेत. गुळाचा खडा उचलून हातात धरलाय, झाकण काढायचं म्हणून. भावजी दारात उभे आहेत, आत येत नाहीत. दोन्हीतलं एकेक टोपण घातलं. ढवळलं. मीटर बुडवला. पॉइंट आठ, माझा आकडा बरोबर आला.

एरवी मी इथंच थांबायचे आणि तुम्ही मागून बोलायचात.

मी थांबलेय, अक्का. दुसरं टोपण भरून हातात आहे. म्हणा की, "घाल गं."